नॅनोतंत्रज्ञान केंद्र उभारायचं तर हिशेब सहाव्या वर्षापासून मांडा

प्रश्न असा आला आहे: विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाचं संशोधन केंद्र उभारायचं आहे. तीन विभागांचे प्राध्यापक एकत्र आले आहेत, एक जुनी इमारत मिळण्यासारखी आहे, यंत्रांची यादी तयार आहे आणि मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव लिहायला घ्यायचा आहे. आधी इमारत करावी की आधी अनुदान मिळवावं? आणि समीक्षकांना नेमकं काय बघायचं असतं?

क्लीनरूम, म्हणजे हवेतली धूळ गाळून ठेवलेल्या प्रयोगशाळा, बांधण्यात, चालवण्यात आणि असे प्रस्ताव लिहिण्या-तपासण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल. आधी एक विनंती: यंत्रांची यादी तूर्त बाजूला ठेवा. यंत्रं अनुदानातून मिळतात. केंद्र अडतं ते सहाव्या वर्षी. तोवर देखभालीचा करार संपलेला असतो, हाताशी तयार झालेला टेक्निशियन दुसरीकडे गेलेला असतो आणि व्हॅक्यूम पंपाच्या दुरुस्तीला कुठल्याच हेडखाली पैसे नसतात. इमारतीचा नकाशा असो की प्रस्ताव, त्या सहाव्या वर्षापासून उलटं मागे येत आखा.

सुरुवात प्रक्रियांच्या यादीने करा. प्रत्येक संशोधन गटासोबत तासभर बसा आणि त्यांना काय बनवायचं आहे ते पायरी-पायरीने कागदावर उतरवा. वेफर, म्हणजे ज्यावर सगळं बनवायचं ती पातळ चकती, कुठला, त्यावर कोणता थर, किती जाडीचा, आकृतीतली सर्वांत बारीक रेघ केवढी, शेवटी मोजायचं काय. या बैठकांमध्ये यादी निम्मी तरी बदलते. सूक्ष्म नळ्यांतून द्रव खेळवणाऱ्या गटाला वीस मायक्रोमीटर रुंदीची नळी हवी असते आणि त्यांच्या नावावर इलेक्ट्रॉनच्या झोताने आकृती लिहिणारं इलेक्ट्रॉन बीम लिथोग्राफीचं (ई-बीम) यंत्र मागितलेलं असतं. त्यांचं काम साच्यातून प्रकाश टाकून आकृती उमटवणाऱ्या साध्या मास्क अलायनरवर किंवा लेसर रायटरवर उत्तम होतं. इलेक्ट्रॉन बीमने दहा-वीस नॅनोमीटरची रेघ ओढता येते हे खरं, पण ते यंत्र एकेक ठिपका लिहीत जातं. हिशेब बघा: रेझिस्टला, म्हणजे वेफरवर आकृती उमटवून घेणाऱ्या लेपाला, दर चौरस सेंटिमीटरला १०० मायक्रोकुलॉम मात्रा लागत असेल आणि बीमचा प्रवाह १ नॅनोअँपिअर असेल, तर एक चौरस सेंटिमीटर पूर्ण भरायला १,००,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास २८ तास. हा हिशेब ज्या गटाने स्वतः केला आहे त्याच गटाला त्या यंत्राची खरी गरज आहे, असं मी सरळ समजतो.

आता जुन्या इमारतीबद्दल. ती घ्यायची की नाही हे तिच्या जमिनीला विचारा. कंपनांसाठी या क्षेत्रात व्हीसी नावाच्या, फरशी हलण्याच्या वेगाच्या मर्यादा वापरतात. व्हीसी-ए म्हणजे ५० मायक्रोमीटर प्रति सेकंद, आणि पुढे प्रत्येक पायरीला निम्मं: बी २५, सी १२.५, डी ६.२५, ई ३.१. माणसाला पायाखाली जेमतेम जाणवणारं कंपन साधारण १०० च्या आसपास असतं. चांगल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला आणि ई-बीम यंत्राला डी किंवा ई लागतं. म्हणजे तुम्हाला अगदी स्थिर वाटणारी फरशीसुद्धा या यंत्रांसाठी हलतीच असू शकते. वरच्या मजल्यांवर तर नुसत्या चालण्यानेही स्लॅब थरथरतो, म्हणून अशी यंत्रं थेट जमिनीवर टेकलेल्या जाड काँक्रीटवर ठेवतात. मँचेस्टरच्या नॅशनल ग्राफीन इन्स्टिट्यूटने, जी २०१५ मध्ये सुरू झाली, मुख्य क्लीनरूम याच कारणासाठी जमिनीखाली नेली.

एका केंद्रातला प्रसंग सांगतो, नाव घेत नाही. नवा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बसला होता. लाखभर पट मोठं करून सोन्याच्या कणांचं चित्र घेतलं, तर प्रत्येक कणाच्या कडेला करवतीसारखे दाते. कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस मायक्रोस्कोपच्या कॉलमशी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या नळीशी, झटत होता. आम्ही चित्रच मोठं करून दाते मोजले. एक ओळ स्कॅन व्हायला ५ मिलिसेकंद लागत होते आणि दर सव्वाआठ ओळींना एक दाता येत होता. म्हणजे साधारण ४१ मिलिसेकंदांना एक हेलकावा, सेकंदाला चोवीसच्या वर थोडे. त्याला साठने गुणलं की मिनिटाला साडेचौदाशेच्या आसपास फेरे येतात, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटर नेमकी याच वेगाने फिरते. मी खाली पंपांच्या खोलीत गेलो, सहकारी वर पडद्यासमोर फोन घेऊन बसली. एकेक पंप बंद करत गेलो. तिसरा पंप, चिलरच्या थंड पाण्याचा, थांबला आणि ती म्हणाली, “गेले. सगळे दाते गेले.” त्या पंपाचा पाइप मायक्रोस्कोपच्या खोलीच्या भिंतीला थेट लोखंडी क्लॅम्पने आवळलेला होता. मग पंपाखाली स्प्रिंगचे माउंट घातले, पाइपला रबरी बेलो बसवले, आधार भिंतीवरून काढून जमिनीवरून उभे केले. नकाशावर आधीच दोन रेघा मारल्या असत्या तर हे सगळं फुकटात झालं असतं. नंतर तेच करायला कित्येक आठवडे गेले.

म्हणून पंप, चिलर आणि एअर हँडलिंग युनिट वेगळ्या पायावर, शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवा. चुंबकीय क्षेत्राचंही असंच आहे. ई-बीमसारख्या यंत्रांना क्षेत्रातला चढउतार ०.१ मायक्रोटेस्लाच्या आत हवा असतो, काहींना त्याहूनही कमी. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र पन्नासच्या आसपास असतं, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाएवढी हालचालही चालत नाही. लिफ्ट ही लोखंडाची मोठी पेटी आहे. ती वर-खाली झाली की आसपासचं क्षेत्र वाकतं. ट्रान्सफॉर्मर आणि जाड वीजवाहिन्या तर आणखी त्रास देतात. जुनी इमारत घेण्याआधी कंपनं आणि चुंबकीय क्षेत्र सलग आठवडाभर, रात्रीसकट मोजून घ्या. या मोजणीचा खर्च एका मध्यम यंत्राच्या तुलनेत नगण्य आहे. शिवाय हेच आकडे पुढे प्रस्तावात जसेच्या तसे वापरता येतात.

जुन्या इमारतीत आणखी एक अडचण हमखास येते ती उंचीची. क्लीनरूमचं छत म्हणजे फिल्टरांची रांग, त्यावर हवेची पोकळी, त्यावर डक्ट. फरशी उंच उचलायची असेल तर खाली परत फिरणाऱ्या हवेला जागा. वर्गखोलीच्या उंचीत हे बसत नाही. बसवलं तर आत यंत्र उभं राहत नाही.

स्वच्छतेच्या श्रेणीबाबत हात आखडता घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. आयएसओ १४६४४-१ या मानकाप्रमाणे श्रेणी ५ म्हणजे एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२०. श्रेणी ६ मध्ये ३५,२००, श्रेणी ७ मध्ये ३,५२,०००. प्रत्येक पायरी दहापट. जुनी मंडळी श्रेणी ५ ला अजून ‘क्लास १००’ म्हणतात, ते अमेरिकेच्या जुन्या मानकावरून. हवा एकाच दिशेने, संथ आणि अखंड वाहू देऊन कण खाली लोटायचे ही कल्पना अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या विलिस व्हिटफिल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणली आणि आजही खोली त्याच तत्त्वावर चालते. पण त्यासाठी श्रेणी ५ मध्ये खोलीतली हवा तासाला काही शे वेळा बदलावी लागते, श्रेणी ७ मध्ये साठ-नव्वद वेळांत भागतं. ही हवा थंड करायची, कोरडी करायची, परत गरम करायची, तीही चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. केंद्राचं वीजबिल मुख्यतः इथे तयार होतं. श्रेणी ५ फक्त लिथोग्राफीच्या पिवळ्या प्रकाशाच्या खोलीत ठेवा, बाकी श्रेणी ७ पुरे. मायक्रोस्कोप, एक्स-रे डिफ्रॅक्शन, रामन या मोजमापाच्या यंत्रांना क्लीनरूम लागतच नाही, त्यांना शांत जमीन लागते.

तापमानात मात्र काटकसर नको. सिलिकॉन एका अंश सेल्सिअसला दशलक्षात २.६ भाग प्रसरण पावतं. शंभर मिलिमीटरच्या वेफरवर तो फरक २६० नॅनोमीटर होतो. सकाळी काढलेल्या थरावर दुपारी दुसरा थर जुळवायचा आणि मधे खोली एका अंशाने तापली, तर तुमची पन्नास नॅनोमीटरची जुळणी गेलीच. आर्द्रता हलली की रेझिस्टही बिघडतं.

सुरक्षेवर इथे थोडं थांबतो. नॅनो म्हटलं की लोकांना सूक्ष्म कणांची भीती वाटते, पण क्लीनरूममध्ये रोजचा धोका रसायनांचा आणि वायूंचा असतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल, ज्याला सगळे एचएफ म्हणतात, सौम्य असलं तर लागल्याक्षणी दुखतही नाही. काही तासांनी दुखायला लागतं, तोवर फ्लुओराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. रसायनांचं काम होतं त्या वेट बेंचच्या हाताच्या अंतरावर कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्क्यांची जेल हवी, तिची मुदत दर महिन्याला बघणारा माणूस ठरलेला हवा, आणि जवळच्या रुग्णालयाला आधीच कल्पना दिलेली हवी की असा रुग्ण येऊ शकतो. रेझिस्ट धुणाऱ्या डेव्हलपरमधलं टीएमएएच हे रसायन पाण्यासारखं दिसतं, पण तीव्र द्रावण कातडीतून शरीरात गेलं तर जीव जाऊ शकतो. सायलेन वायू हवेशी गाठ पडताच पेटतो, म्हणून त्याचं सिलिंडर बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्ट असलेल्या कॅबिनेटमध्ये, गळती कळताच आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हसह. आम्लाचे धूर, सॉल्व्हंटचे धूर आणि सायलेनसारखे वायू यांचे एक्झॉस्ट डक्ट वेगळे ठेवा. नकाशा करताना हे राहिलं तर मागून जागा सापडत नाही. आणि एचएफवर एकट्याने काम करायचं नाही, प्राध्यापक असलात तरी.

आता माणसं. माझं ठाम मत आहे की पहिली नेमणूक यंत्राच्या ऑर्डरआधी व्हावी. प्रोसेस इंजिनिअर आधी आला तर कुठला पंप कुठे बसवायचा, वायूची लाइन कुठून न्यायची, हे तो ठरवतो. नंतर आला तर दुसऱ्यांच्या चुका सांभाळत बसतो. कोरड्या एचिंगचं, म्हणजे वायूने थर कोरण्याचं, यंत्र चालवायला शिकणं काही दिवसांचं काम आहे. पण काल ज्या रेसिपीने भिंत सरळ कापली जात होती ती आज तिरकी का कापतेय, हे ओळखायला वर्षं लागतात. आदल्या दिवशी कुणी तरी वेगळा रेझिस्ट आत नेऊन चेंबरच्या भिंतीवर थर चढवलेला असतो, हे त्याला लॉगबुक न बघता वासावरून कळावं इतका तो त्या यंत्रात मुरलेला असतो. अशा माणसाला वर्षावर्षाच्या कंत्राटावर ठेवलं तर तो जाणारच, आणि त्याच्यासोबत केंद्राची स्मृती जाते. तांत्रिक कर्मचाऱ्यांना कायम पद आणि बढतीची वाट आहे का, हा प्रश्न मी समीक्षक म्हणून नेहमी विचारतो.

आता अनुदानाकडे येऊ. अनुदान देणाऱ्या संस्थेला तुमच्या विद्यापीठात यंत्र असावं याचं विशेष वाटत नाही. तिला वाटतं की त्या यंत्रावर जास्तीत जास्त चांगल्या संशोधकांना हात टाकता यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सब-मायक्रॉन रचनांसाठी राष्ट्रीय सुविधा उभारली ती बाहेरच्या संशोधकांनाही खुली असावी म्हणूनच. तिथूनच पुढे १९९४ मध्ये पाच विद्यापीठांचं जाळं झालं, २००४ मध्ये ते वाढलं आणि २०१५ पासून सोळा केंद्रांचं नवं जाळं आलं. कॉर्नेल या सगळ्यांत टिकून राहिलं. स्वीडनमध्ये विद्यापीठांच्या क्लीनरूम मायफॅब या एका नावाखाली जोडल्या आहेत, म्हणजे एका ठिकाणी नसलेली प्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी करून घेता येते. प्रस्ताव लिहिताना ‘आमच्याकडे हे यंत्र नाही’ एवढ्यावर थांबू नका. ‘हे यंत्र नसल्यामुळे इतक्या गटांचं अमुक काम अडलं आहे, आणि सगळ्यात जवळच्या सुविधेत इतके आठवडे थांबावं लागतं’ हे लिहा. मग गरज दिसते.

पाठिंब्याची पत्रं हा प्रस्तावाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. ‘या उपक्रमास आमच्या शुभेच्छा आहेत’ असं पत्र समीक्षक दोन सेकंदात उलटतो. पत्रात असं यावं: आमच्या गटात चार विद्यार्थी आहेत, आम्हाला आठवड्याला सहा तास स्पटरिंग लागतं, आम्ही टायटॅनियम आणि सोन्याचे थर बसवतो, आणि वापरशुल्क आम्ही आमच्या प्रकल्पातून देऊ. अशी दहा पत्रं शुभेच्छांच्या पन्नास पत्रांना भारी पडतात. वाटल्यास मसुद्यात रिकाम्या जागा ठेवून पाठवा: तास, पदार्थ, मापं, पैसे. लोक भरून देतात.

अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीखालोखाल जागेची तयारी, वीज, थंड पाणी, १८.२ मेगओम-सेंटिमीटरचं अतिशुद्ध पाणी बनवणारा संच, वायूंची पाइपिंग, कंपनरोधक पाया, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मांडा. समीक्षकाला यावरून लगेच कळतं की लिहिणाऱ्याने क्लीनरूम आतून पाहिली आहे. देखभालीचा करार वर्षाला यंत्राच्या किमतीच्या साधारण दहा टक्क्यांच्या घरात जातो. बऱ्याच योजना चालू खर्च देत नाहीत, पण खरेदीच्या वेळीच किमतीत समाविष्ट असलेला पाच वर्षांचा करार त्यांना चालतो. निविदेतच तशी अट घाला आणि प्रस्ताव पाठवण्याआधी योजनेचे नियम वाचून ते चालतं याची लेखी खात्री करून घ्या. यामुळे कधी यादीतलं एक यंत्र कमी करावं लागतं. ते करा. चालू असलेली चार यंत्रं आठ यंत्रांपेक्षा जास्त शोधनिबंध देतात, त्यातली पाच कायम ‘पार्ट येतोय’ म्हणून बंद असतील तर.

वापरशुल्काचा हिशेब प्रामाणिक ठेवा. प्रस्तावात लोक वर्षाला २,००० तास वापर धरतात. पहिल्या वर्षी ६०० तास मिळाले तर मी त्याला उत्तम म्हणतो, कारण लोक शिकत असतात, रेसिपी बसत असतात, यंत्रही अधूनमधून बंद असतं. २,००० तासांवर बेतलेलं शुल्क आणि ६०० तासांचा वापर म्हणजे ठरवलेल्या रकमेच्या ३० टक्केच वसूल होणार. उरलेले ७० टक्के कोण देणार याचं उत्तर विद्यापीठाच्या सहीनिशी प्रस्तावाला जोडलेलं असेल तर तुमचा प्रस्ताव वरच्या गठ्ठ्यात जातो. शुल्क वाढवून ती तूट भरायचा मोह टाळा. शुल्क वाढलं की विद्यार्थी येणं कमी करतात, तास आणखी घटतात आणि केंद्र त्या फेऱ्यातून बाहेर येत नाही. बाहेरच्या कंपन्यांकडून जास्त दर घ्यावा, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. एक-दोन कंपन्यांचं काम संपलं की ते उत्पन्न एका तिमाहीत थांबतं.

तर, आधी इमारत की आधी अनुदान? दोन्ही एकदम नको. पहिल्या टप्प्यात आहे त्या खोल्यांत, तळमजल्यावर, मोजमापाची यंत्रं बसवा: स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, एएफएम (सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप), प्रोफायलोमीटर (थराची उंची मोजणारं यंत्र). तिन्ही विभागांकडे जी यंत्रं आधीच कुलूपबंद आहेत तीही यात सामील करा. हे अवघड आहे, कारण प्रत्येकाला आपलं यंत्र प्रिय असतं, पण ज्याने यंत्र दिलं त्याला काही तास राखून ठेवले तर बहुतेक जण तयार होतात. सगळ्यांसाठी एकच ऑनलाइन बुकिंग सुरू करा आणि पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवा. दीड वर्षाने तुमच्याकडे कोण, किती तास, कुठल्या कामासाठी आलं आणि किती जणांना नकार द्यावा लागला याचा खरा तक्ता असेल. मोठ्या अनुदानाच्या प्रस्तावात त्या तक्त्याइतकं वजनदार दुसरं काही नसतं. क्लीनरूम दुसऱ्या टप्प्यात, त्याच्या जोरावर. पहिला प्रस्ताव नाकारला गेला तर समीक्षकांचे शेरे घेऊन, मुद्द्याला मुद्दा उत्तर देत पुन्हा पाठवा. मी पाहिलेली बरीच चांगली केंद्रं दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली आहेत.

आणि बांधकामाच्या करारात एक कलम आत्ताच घालून ठेवा. क्लीनरूमची तपासणी तीन अवस्थांत होते: नुसती बांधून झाल्यावर, यंत्रं बसवल्यावर माणसांविना, आणि माणसं आत काम करत असताना. ठेकेदार पहिल्या अवस्थेचा दाखला दाखवून पैसे मागतो, आणि रिकामी खोली तर जवळपास नेहमीच पास होते. शेवटचा हप्ता तिसऱ्या अवस्थेच्या तपासणीशी बांधा. कंपनांची मोजणीही त्याच दिवशी घ्या: सगळे पंप, चिलर, एक्झॉस्ट पंखे चालू, लिफ्ट वर-खाली होतेय, कॉरिडॉरमध्ये माणसं चालतायत, अशा वेळी.